बारा मैलांच्या पलीकडे

गणपती झाले की पुण्यात सहलींच्या जाहिरातींचा मोसम सुरू होतो. यंदा आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर क्रूझची जाहिरात फिरते आहे. मुंबईहून बसायचं, गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाऊन यायचं, खाणंपिणं सगळं आतच. ओळखीतली काही कुटुंबं जाऊनही आली. खोलीत चोवीस तास गरम पाणी, वर पोहायचा तलाव, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालू असलेली जेवणं, रोज धुतलेले टॉवेल, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकताना मला एकच विचारावंसं वाटतं. एवढं पाणी वापरल्यावर ते जातं कुठं?

माझा व्यवसायच तो आहे. खराडी, वाघोली, हिंजवडी या पट्ट्यातल्या सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, आम्ही चालवून देतो. त्याआधी बरीच वर्षं मी लॅबमध्ये सांडपाण्याचे नमुने तपासत होते. त्यामुळे कुठलीही मोठी इमारत, हॉटेल किंवा मंगल कार्यालय दिसलं की मी आधी मागच्या बाजूला ड्रेनेज कुठं जातंय ते बघते. जहाज म्हणजे तर तरंगती टाउनशिप.

आधी आकडे बघू. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, म्हणजे ईपीएनं, २००८ मध्ये क्रूझ जहाजांच्या सांडपाण्यावर सविस्तर अहवाल काढला होता. त्यात माणशी दिवसाला संडासाचं पाणी साधारण ३० लिटर आणि आंघोळ, बेसिन, लाँड्री, स्वयंपाकघर यांचं मिळून साधारण २५० लिटर येतं. संडासाचा आकडा कमी, कारण जहाजावर विमानासारखे व्हॅक्यूमवर ओढणारे संडास असतात. पाणी कमी, म्हणून मैला जास्त घट्ट. आपल्याकडे सोसायटीचं गणित मांडताना माणशी १३५ लिटर पाणीवापर धरतात. म्हणजे जहाजावरचा माणूस घरच्यापेक्षा दुप्पट सांडपाणी करतो. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ५,००० माणसं धरली, तर रोजचे १४ लाख लिटर. उन्हाळ्यात आमच्या सोसायट्यांत येणारा टँकर १० हजार लिटरचा असतो. तसे १४० टँकर, रोज.

आता नियम. जहाजांच्या प्रदूषणाचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे मार्पोल. तो १९७३ चा. त्यातलं मैलापाण्याबद्दलचं चौथं परिशिष्ट प्रत्यक्ष लागू झालं २००३ मध्ये, तब्बल ३० वर्षांनी. त्यात जहाजाला तीन वाटा दिल्या आहेत. मान्यताप्राप्त प्रक्रिया प्लांट असेल, तर त्यातून निघालेलं पाणी कुठंही सोडता येतं, स्थानिक कायद्यानं मनाई केली नसेल तर. मैला बारीक करून, जंतुनाशक घालून सोडायचा असेल, तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढे. आणि काहीही प्रक्रिया न करता टाकीत साठवलेला मैला सोडायचा असेल, तर १२ सागरी मैलांच्या पुढे. तेव्हा जहाज किमान ४ नॉट, म्हणजे ताशी ४ सागरी मैल वेगानं चालतं पाहिजे आणि सगळी टाकी एकदम न उपसता थोडं थोडं सोडलं पाहिजे.

१२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. पुणे स्टेशनपासून हिंजवडी फेज थ्रीपर्यंत रस्त्यानं साधारण तेवढंच पडतं. त्या रेषेपलीकडे कच्चा मैला समुद्रात सोडणं आजही कायदेशीर आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान परत वर घेऊन वाचलं होतं.

आणि जे २५० लिटर आहेत, आंघोळीचे, लाँड्रीचे, स्वयंपाकघराचे? त्यांच्याबद्दल मार्पोलमध्ये काहीच बंधन नाही. मैलापाण्यात मिसळलं तरच त्याला मैलापाण्याचा नियम लागतो. वेगळं ठेवलं तर मोकळं.

याच व्यवसायातली म्हणून मला हे फार खटकतं. सोसायटीतसुद्धा लोक म्हणतात, मॅडम, संडासाचं ठीक आहे, किचनच्या पाण्यात काय एवढं? त्यांना मी एकदा ग्रीस ट्रॅपचं, म्हणजे किचनच्या पाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीचं झाकण उघडून दाखवते. वर पांढरट पिवळा थर, जाड, साबण आणि तेल एकत्र गोठलेलं, मधे डाळीतांदळाची शितं. आठवडाभर साफ केला नाही की पुढच्या टाकीत फेस, मग मैला खाणाऱ्या जिवाणूंचा श्वास कोंडतो आणि पुढचा सगळा प्लांट आजारी. चारशे घरांच्या सोसायटीची ही गत. पाच हजार माणसांना दिवसभर जेवू घालणाऱ्या स्वयंपाकघराचं पाणी निरुपद्रवी कसं असेल? त्यात तळण आहे, खरकटं आहे, भांड्यांचा साबण आहे. शिवाय आंघोळीच्या आणि लाँड्रीच्या पाण्यातही विष्ठेतले जंतू असतातच. हे नुसतं माझं मत नाही. २००० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अलास्का राज्यात जहाजांवरून नमुने घेतले, तेव्हा या "साध्या" पाण्यातही विष्ठेतल्या जंतूंचं प्रमाण प्रचंड निघालं होतं. आणि प्रक्रिया केलेल्या मैलापाण्याचे जवळपास सगळे नमुने निकषांत नापास झाले होते.

माझा धाकटा मामेभाऊ प्रवासी जहाजांवर इंजिनिअर आहे. सुट्टीवर कोथरूडला आला की आमच्या गप्पा शेवटी याच विषयावर येतात आणि मामी वैतागून जेवणाची ताटं घेते. मागच्या वेळी त्यानं मोबाईलवर त्याच्या जहाजाचा प्लांट दाखवला. सगळ्यात खालच्या डेकवर, माणूस वाकून जाईल एवढ्या जागेत मेम्ब्रेन बायोरिॲक्टरच्या, म्हणजे जिवाणूंनी मैला खाल्ल्यावर पाणी बारीक पडद्यातून गाळणाऱ्या टाक्या, आणि शेवटच्या नळातून पारदर्शक पाणी.

"ताई, तुझ्या सगळ्या सोसायट्यांपेक्षा आमचा प्लांट भारी आहे," तो म्हणाला.

भारीच होता. खोटं कशाला बोलू, आमच्याकडे असा प्लांट कुणी बसवून दिला तर मी पेढे वाटीन. मी त्याला एवढंच विचारलं, "नमुना कोण घेतं?"

"अलास्काला गेलो की बाहेरचे येऊन घेतात. बाकी आमचं आम्हीच बघतो."

मला जे सांगायचंय ते इथंच आहे. मार्पोलच्या नियमात प्लांटच्या मॉडेलची चाचणी होते, त्याला मान्यता मिळते. २०१६ पासून बसवलेल्या प्लांटना लागू असलेले निकष चांगले कडक आहेत: बीओडी, म्हणजे कुजणाऱ्या घाणीचं माप, लिटरला २५ मिलिग्रॅम, सस्पेंडेड सॉलिड्स, म्हणजे तरंगता गाळ, ३५ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जंतू, जास्तीत जास्त १००. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत कॉलिफॉर्मची मर्यादा १,००० आहे, यावरून अंदाज करा. पण चालत्या जहाजावरच्या पाण्याचा नमुना ठराविक काळानं बाहेरच्या कुणी घ्यावा, अशी सक्ती त्यात नाही. आम्हाला प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या संमतीपत्रासाठी मान्यताप्राप्त लॅबचे रिपोर्ट जोडावे लागतात. ते कटकटीचं आहे, खर्चाचं आहे, आणि मी सांगते, ते नसतं तर निम्म्या सोसायट्यांनी टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद करून विजेचं बिल वाचवलं असतं. एका सोसायटीत मी नव्यानं काम घेतलं तेव्हा बायपासचा, म्हणजे प्लांट वगळून पाणी थेट बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच होता, आणि इतका वापरातला की त्याच्या चाकावर धूळसुद्धा नव्हती. प्लांट उत्तम होता. पाणी त्यातून जातच नव्हतं.

जहाजांवर असंच घडलेलं आहे, कोर्टात सिद्ध झालेलं. १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीनं अमेरिकेत २१ गुन्हे कबूल करून १८० लाख डॉलर दंड भरला. तेलकट पाणी आणि रसायनं समुद्रात सोडल्याचे, नोंदी खोट्या केल्याचे ते गुन्हे होते, आणि त्यातला काही भाग थेट अलास्काच्या आतल्या खाड्यांमधला होता. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसला ४ कोटी डॉलरचा दंड झाला. तिथंही यंत्र वगळून जाणारा चोरपाइप होता. २०१३ मध्ये एका नव्या इंजिनिअरनं तो पाहिला, इंग्लंडच्या बंदरात जहाज सोडलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितलं, म्हणून प्रकरण बाहेर आलं. ही प्रकरणं मुख्यतः तेलकट पाण्याची आहेत, मैल्याची नाहीत, हे मला माहीत आहे. पण पाइप, व्हॉल्व्ह आणि नोंदवही ही तिन्ही दोन्हीकडे सारखीच असतात.

अलास्काची गोष्ट मला इतकी जवळची वाटते ती जुनोमुळे. जुनो ही त्या राज्याची राजधानी, वस्ती ३२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २०२३ च्या हंगामात तिथं क्रूझनं १६ लाखांहून जास्त माणसं आली. गावाची कमाई त्यावर आहे, दुकानं, गाइड, बसवाले सगळे त्यावर जगतात. तरी गावकऱ्यांनी प्रश्न विचारायचे सोडले नाहीत. तिथल्या बेटांच्या मधे समुद्राचे असे काही तुकडे होते, जे कुठल्याच किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आत येत नव्हते. चारी बाजूंनी अलास्का, आणि मधे कायद्याचं भोक. डोनट होल म्हणायचे त्यांना. जहाजं तिथं जाऊन टाक्या रिकाम्या करायची. २००० मध्ये अमेरिकी संसदेनं खास अलास्कासाठी कायदा करून ती भोकं बुजवली. २००१ मध्ये राज्यानं स्वतःचा कायदा केला, नमुने घेणं आलं, आणि आंघोळीचं-किचनचं पाणीही त्यात आलं. २००६ मध्ये लोकांनी थेट मतदान करून माणशी ५० डॉलर कर लावला आणि ओशन रेंजर नावाची योजना आणली: परवानाधारक सागरी इंजिनिअर जहाजावर बसून प्रवास करणार आणि प्लांट, व्हॉल्व्ह, नोंदी बघणार. त्याचा खर्चही प्रवाशाच्याच तिकिटातून, माणशी ४ डॉलर.

चार डॉलर. एका कॉफीचे पैसे.

पुढे ते टिकलं नाही. उद्योगाच्या दबावानं कर कमी झाला, २०१३ मध्ये सोडण्याचे निकष सैल झाले, आणि २०१९ मध्ये गव्हर्नरांनी रेंजरांचा निधीच कापला. तरी त्या कायद्यांमुळे कंपन्यांनी अलास्काच्या मार्गावरच्या जहाजांत चांगले प्लांट बसवले, हे खरं आहे. माझ्या भावाचा तो भारी प्लांट आहे, त्याचं मूळ एका लहान बंदराच्या गावानं धरलेल्या हट्टात आहे. आता जुनोनं कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असं ठरवून घेतलंय.

सगळ्या गावांना हे जमत नाही. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या लोकांनी २०२० मध्ये मोठी जहाजं नकोत म्हणून मतदान केलं, बहुमतानं जिंकलं, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं कायदा करून तो निकाल पुसून टाकला.

आणखी एक गंमत नव्हे, दुखणं. एका ठिकाणी नियम कडक झाला की घाण शेजारी सरकते. अलास्काला जाणारी जहाजं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यानं जातात. अमेरिकेच्या बाजूला बंधनं वाढली आणि कॅनडाचे नियम सैल राहिले, तेव्हा सोडण्याचं काम कॅनडाच्या पाण्यात होऊ लागलं. कॅनडानं २०२२ मध्ये आधी ऐच्छिक आणि २०२३ पासून सक्तीचे नियम आणले, ते त्यानंतर. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपण मुळा-मुठेत जे सोडतो ते भीमेतून उजनीला जातं. इंदापूर, सोलापूर, पंढरपूरची माणसं ते पितात, त्यात स्नान करतात. जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या कर्जातून ११ नवे प्लांट आणि ३९६ एमएलडी, म्हणजे रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, असा करार २०१६ च्या जानेवारीत झाला. तेव्हापासून आपण वाट बघतोय.

बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांनी वेगळी वाट धरली. तो समुद्र जवळपास बंद, पाणी लवकर बदलत नाही, नायट्रोजन-फॉस्फरस साचून शेवाळ माजतं. म्हणून तिथं प्रवासी जहाजांना मैलापाणी सोडायलाच बंदी घालायचं ठरलं. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढणारा खास प्लांट असेल तरच सोडायचं, नाहीतर बंदरात द्यायचं. नव्या जहाजांना २०१९ पासून आणि जुन्यांना २०२१ पासून हे लागू झालं. निर्णय २०११ चा. मधली वर्षं गेली, कारण बंदरात घ्यायची सोय नसेल तर बंदी कागदावरच राहते. हेलसिंकीनं धक्क्यावरच शहराच्या गटाराची जोडणी दिली आणि त्यासाठी वेगळं शुल्क लावलं नाही. टाकीतलं पाणी देणं फुकट, तर जहाज कशाला लपवाछपवी करेल?

तिथंही त्रास झालाच, आणि तो माझ्या ओळखीचा आहे. मैलापाणी टाकीत बंद राहिलं की त्यातला प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आमच्याकडे रात्रभर लाइट गेली आणि ब्लोअर बंद पडला की सकाळी टाकीचं चॉकलेटी पाणी काळं झालेलं असतं, सडक्या अंड्याचा वास जिन्यापर्यंत येतो, ऑपरेटरच्या बोटातली चांदीची अंगठी काळवंडते. तो वायू काँक्रीट खातो आणि बंद चेंबरमध्ये माणूस मारतो. जहाजातून असं दिवसभर साठलेलं पाणी एकदम बंदराच्या गटारात आलं, तर वास, गंज आणि धोका त्या गावाच्या पदरात. त्यामुळे "बंदरात द्या" एवढं म्हणून भागत नाही. घेणाऱ्या गावाकडे पाइप हवा, हवा मारायची सोय हवी, आणि तेवढी क्षमता असलेला प्लांट हवा.

चिमणीच्या धुराचंही थोडक्यात सांगते, कारण तोही शेवटी पाण्यातच येतो. २०२० पासून जहाजाच्या इंधनातलं गंधक ०.५ टक्क्यावर आणलं. पण धूर पाण्यानं धुणारं स्क्रबर बसवलं तर जुनं स्वस्त इंधन वापरता येतं. ओपन लूप, म्हणजे पाणी परत न वापरता सोडून देणाऱ्या प्रकारात ते धुतलेलं आम्लयुक्त पाणी समुद्रात जातं. सिंगापूरनं आपल्या बंदरात त्याला २०२० मध्येच मनाई केली.

आता आपल्याकडे. मुंबईत इंदिरा डॉकजवळ नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालंय. केंद्रानं ३० सप्टेंबर २०२४ ला क्रूझ भारत मिशन जाहीर केलं, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे आहेत. होऊ द्या. कोकणातल्या पोरांना जहाजावर आणि बंदरावर कामं मिळाली तर मला आनंदच आहे. माझ्या भावाचं घर त्यावरच उभं राहिलंय. पण मुंबई ते गोवा या वाटेचा नकाशा समोर घ्या. ३ ते १२ मैलांचा पट्टा, म्हणजे बारीक करून औषध घातलेला मैला जिथं सोडायला परवानगी आहे, तोच पट्टा रत्नागिरी, देवगड, मालवणच्या लहान होड्यांचा. तिसऱ्यांसारखे शिंपले आणि कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. लक्षद्वीपचं तर विचारूच नका, प्रवाळाला नायट्रोजन-फॉस्फरस सोसत नाही. आज या मार्गावर जहाजं मोजकी आहेत. म्हणूनच पाइप, प्लांट आणि नमुन्याची व्यवस्था आत्ता लावायला हवी. शंभर जहाजं यायला लागल्यावर कुणी कुणाचं ऐकणार नाही.

मुंबईच्या बंदरात मैलापाणी नियमबाह्य सोडलं जातंय, असं मी म्हणत नाही. मला तिथलं काय चाललंय ते आकड्यांत बघायचंय, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. गेल्या आर्थिक वर्षात प्रवासी जहाजांनी धक्क्यावर किती मैलापाणी उतरवून दिलं, जहाजनिहाय. ते टँकरनं जातं की पाइपनं, आणि कुठल्या प्लांटमध्ये. त्यासाठी जहाजाकडून किती शुल्क घेतलं जातं. आंघोळीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी बंदराच्या हद्दीत सोडण्याबद्दल काही आदेश आहे का, असेल तर त्याची प्रत. आणि जहाजावरच्या प्लांटमधून निघणाऱ्या पाण्याचा नमुना कोणी घेतला का, कुठल्या तारखेला, कुठल्या लॅबमध्ये, त्याचे रिपोर्ट. मामेभाऊ म्हणाला, अर्जात टाकीची क्षमताही विचार, म्हणजे जहाज किती तास पाणी धरून ठेवू शकतं ते कळेल. तो सहावा प्रश्न घातलाय. सोमवारी अर्ज पोस्टात टाकते.